पान त्रेचाळीस

मोंढ्यात दोन दिवस सौदे बंद ठेवले,
पोत्यांच्या थप्प्या भिंतीकडे सरकवल्या
आणि लिलावाच्या ओट्यावर
वसमतकरांनी आपापली पुस्तकं मांडली.

झाडून काढलं होतं तीनदा.
तरी पंखा फिरला की
फरशीच्या फटींतून हळद उठायची
आणि सकाळची कोरी पुस्तकं
दुपारपर्यंत कडेनं पिवळी.
मी लग्नपत्रिका छापणारा माणूस,
हळदीची वेळ जुळवून जुळवून डोळे गेले,
पण पुस्तकांना हळद लागलेली
पहिल्यांदाच पाहिली.

माझा गाळा सतरावा. रेणुका ऑफसेट.
अकरा वर्षांत सात पुस्तकं, प्रत्येकी तीनशे प्रती,
निम्म्या अजून पलंगाखाली.
बायको केर काढताना त्यांना पाहुणे म्हणते.

शेजारी रिटायर कंडक्टर सोनटक्के,
त्यांनी प्रवासवर्णनाची किंमत
सुट्ट्याची कटकट नको म्हणून सरळ शंभर ठेवलेली.
पलीकडे हयातनगरचे यूसुफभाई,
दखनी रुबाया, एका पानावर उर्दू, समोर देवनागरी,
"जिधरसे जी चाहे उधरसे खोलो."
माईकवर मोंढ्यातलाच पुकारा करणारा,
"कवितेचं पुस्तक ऐंशी, ऐंशी, ऐंशी..."
सवयीनं बोलीची वाट पाहायचा.
चढत कुणीच नव्हतं.

आठवं पुस्तक त्याच सकाळी बाइंडिंगहून आलं.
पंचफुला खंदारे, अंगणवाडीत तेवीस वर्षं,
हजेरीपटाच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या कविता.
बाईंनी गठ्ठा स्वतः फोडला,
वास घेतला,
पानं सोडत सोडत गेल्या
आणि त्रेचाळीसवर थांबल्या.

'आईनं पेरलं म्हणून आम्ही उगवलो'
असं त्यांनी लिहिलं होतं.
मी छापलं होतं,
'आईनं पुरलं'.

वरची मात्रा खाली उतरून उकार झालेली.
प्रूफ मीच वाचलं होतं, रात्री दीडला,
मध्येच एका वास्तुशांतीची पत्रिका अर्जंट.

बाई बोलल्या नाहीत.
पर्समधून निळा बॉलपेन काढला
आणि एकेक प्रत उघडून
उकार खोडायचा, वर मात्रा द्यायची,
असं सुरू केलं.
लोकांना वाटलं, सह्या करायल्या.
रांग लागली.
खरंच लागली: त्यांच्याच अंगणवाडीतून गेलेल्या पोरी,
त्यांच्या कडेवर आता आपापली पोरं,
एक तलाठी, दोन मास्तर.
मी पैसे घेत होतो,
मान वर करत नव्हतो.

अडतिसावे आले सटवाजी हमाल.
खांद्यावर रिकामा रुमाल, कमरेला पोत्याचा आकडा,
सुट्टीच्या दिवशीही.
चष्मा नव्हता, नातीकडून वाचून घेतलं.
पोरगी हुशार, छापलेलं वाचलं,
मग शेजारच्या प्रतीतलं खोडलेलंही.
"कामून खोडायल्या बाई?" म्हणाले,
"हळद कुठं पेरतेत?
बेणं पुरावं लागतंय मातीत.
पुरल्याबिगर येती का वर?"

आणि मग,
आकड्याचं टोक अंगठ्यानं चाचपत,
"आमच्या मायनं बी लई काही पुरलं.
कधी सांगितलं न्हाई."

पेन हवेत होता.
बाईंनी त्याला टोपण लावलं.

सटवाजींना प्रत दिली ती तशीच.
दहा रुपये कमी पडले,
ते नातीनं दप्तरातून काढले, पाचाची दोन नाणी.

तर आता वसमतमध्ये
सदतीस घरांत पेरलंय
आणि बाकीच्यांत पुरलंय.
दुसरी आवृत्ती निघाली
(निघत नसते, पण समजा)
तर काय छापायचं?
रात्री गठ्ठे बांधताना विचारलं मी.
बाईंनी सुतळीवर बोट दाबून धरलं होतं.
"आधी गाठ आवळ," म्हणाल्या,
"बोट आखडलंय माझं."